‘ओल्डबॉय’मधल्या बोळातली मारामारी: एक टेक, पण कशासाठी?

शॉर्टफिल्म करणाऱ्या एका कॉलेजच्या मुलांनी विचारलंय: ‘ओल्डबॉय’ या कोरियन चित्रपटात हातोडी घेतलेला नायक अरुंद बोळात गुंडांच्या जमावाशी भिडतो, तो प्रसंग खरंच एका टेकमध्ये घेतलाय की मध्ये कुठे चोरकट, म्हणजे प्रेक्षकाला कळू न देता लपवलेला कट, आहे? आमच्याकडे होस्टेलचा साठ फुटी पॅसेज, एक गिंबल (कॅमेरा हातात स्थिर ठेवणारी दांडी), आठ मुलं आणि एक दिवस आहे, त्यात असं काही जमेल का? आणि आमचे सर म्हणतात रहस्यपटात मारामारी घातली की रहस्य पातळ होतं, हे बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. चोरकट नाही, प्रसंग अखंड आहे. तो मिळवायला ३ दिवस गेले आणि १७ टेक झाले. मारामारीच्या मध्येच नायकाच्या पाठीत सुरा घुसतो, तो सुरा तेवढा नंतर कॉम्प्युटरवर बसवलेला आहे. बाकीचं पडणं, झोंबणं, दांडके, पुन्हा उठणं, सगळं माणसांनी कॅमेऱ्यासमोर केलेलं.

मी कॅमेऱ्याच्या खात्यातला माणूस. फोकस ओढण्यापासून सुरुवात केली, मग मालिका, मग चित्रपट, आणि या सगळ्यात फाईट मास्तरांच्या शेजारी उभं राहण्यात बरीच वर्षं गेली. ‘एका टेकमध्ये कसं केलं’ हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. गंमत अशी की याच चित्रपटात खलनायक नायकाला सुनावतो, तुला उत्तर सापडत नाही कारण तू प्रश्नच चुकीचा विचारतोयस. मला कोंडलं का, हे विचारत बसू नकोस. सोडलं का, ते विचार. तेव्हा हा शॉट कसा घेतला ते बघूच, पण आधी तो तसा का घेतला ते बघू. शेवटाकडचं मोठं रहस्य मी फोडणार नाही, मधले एकदोन धागे मात्र सांगावे लागतील.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ओ दे-सू हा एक बडबड्या, दारू पिऊन तमाशे करणारा नोकरदार. १९८८ मधल्या एका पावसाळी रात्री तो गायब होतो आणि एका खोलीत जागा होतो. हॉटेलची वाटावी अशी खोली, पण दार बाहेरून बंद. कुणी कोंडलं, कशासाठी, काही कळत नाही. अशी १५ वर्षं जातात. मग एक दिवस त्याला तितक्याच अचानक सोडून देतात. दिग्दर्शक पार्क चान-वूक, चित्रपट २००३ चा. मूळ कथा जपानी मांगाची, म्हणजे चित्रकथेची. लेखक गारोन त्सुचिया, चित्रकार नोबुआकी मिनेगिशी. मांगात कोंडवास १० वर्षांचा आहे, पार्क यांनी तो १५ वर नेला. २००४ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री मिळालं, ज्यूरीचे अध्यक्ष क्वेंटिन टॅरंटिनो होते. नायक चोई मिन-सिक, कॅमेरा चुंग चुंग-हून.

आता त्या बोळात या. दे-सू तिथे पोहोचतो तेव्हा त्याला जिथे कोंडलं होतं त्या खाजगी तुरुंगाच्या मालकाचे दात त्याने नुकतेच उपटलेले असतात. हातोडीच्या मागच्या, खिळे उपटायच्या फाट्याने. मालकाला ढालीसारखा पुढे धरून तो बोळाच्या तोंडाशी येतो, समोर दांडके घेतलेली पोरं. आणि तो विचारतो काय, तर एबी रक्तगट कुणाचाय, हात वर करा. एकजण हात वर करतो. याचं रक्त फार गेलंय, याला दवाखान्यात ने, असं म्हणून मालकाला त्याच्या हवाली करतो आणि मग हातोडी उचलतो. मला हा क्षण मारामारीपेक्षाही आवडतो. एका फालतू प्रश्नात तुम्हाला कळतं की हा माणूस पार वेडा नाही आणि पुरता शहाणाही राहिलेला नाही.

आणि मग कॅमेरा बाजूला जातो. नुसता बाजूला नाही, तो भिंतीच्या पलीकडून बघतो. सेट उभारताना एक भिंत लावलीच नाही, तिच्या जागी कॅमेऱ्याची वाट. बोळ आडवा, माणसं आडवी, आणि कॅमेरा त्यांच्यासोबत समांतर सरकतोय. पुढे जात नाही, मागे येत नाही, कुणाच्या चेहऱ्यात घुसत नाही. अडीच-तीन मिनिटं हाच पट्टा. पुष्कळांना तो जुन्या व्हिडिओ गेमसारखा वाटतो, मला लांबलचक चित्रपट्टीसारखा वाटतो. पण तो वाटतो कसा, हे दुय्यम. त्याने काढून काय घेतलं ते बघा. दृश्यातली खोली, म्हणजे पुढचं-मागचं अंतर, काढून घेतली.

हे जरा उलगडून सांगतो, कारण इथेच खरी कारागिरी आहे. सिनेमातला ठोसा लागत नाही, लागल्याचा भास होतो. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या मागे ठेवला की मूठ आणि गाल एका रेषेत येतात. मधलं फूटभर अंतर कॅमेऱ्याला दिसत नाही. समोरच्याने मान झटकली, वरून आवाज टाकला, झालं काम. आमच्याकडे मास्तर याला ‘अँगल चीट’ म्हणतात. आता कॅमेरा काटकोनात, थेट बाजूला आणा. तेच फूटभर अंतर लख्ख दिसायला लागतं. म्हणजे मारामारीसाठी सगळ्यात वाईट अँगल कोणता, तर पार्क यांनी निवडला तोच.

मग त्यांनी तो वाचवला कसा? चित्रपट लावा आणि आवाज बंद करून बघा. सुटा, एकेकट्याचा ठोसा फार थोड्या वेळा दिसेल. माणसं एकमेकांना बिलगलेली, कुणीतरी नेहमी कुणाच्या तरी आडवं आलेलं. दांडका उगारला जातो तो तिसऱ्याच्या पाठीआड उतरतो. ढकलणं, खेचणं, अंगावर कोसळणं यांना चीट लागतच नाही, ती खरीच करता येतात. आणि काही वार सरळ हुकतात. ते हुकलेले तसेच ठेवलेत! एरवी आपण ‘अजून एक घेऊ’ म्हटलं असतं. इथे हुकलेला वारही शोभतो, कारण खऱ्या भांडणात अर्धे वार हुकतातच.

दुसरी गोष्ट मागे उभ्या असलेल्या पोरांची. आपल्या सिनेमात नायक एकाला मारत असतो तेव्हा बाकीचे हवेत हात हलवत आपली पाळी यायची वाट बघतात, आणि प्रेक्षक हसतो. तुकड्यातुकड्यांत घेतलं तर ते लपवता येतं. इथे सगळा जमाव सतत फ्रेममध्ये. पार्क आणि त्यांचे ॲक्शन दिग्दर्शक यांग गिल-योंग यांनी ही अडचण लपवली नाही, वापरली. मागची पोरं थांबतात, कारण त्यांना भीती वाटते. दमतात म्हणून थांबतात. एक क्षण असा येतो की दे-सू पाठीत सुरा घेऊन जमिनीवर पडलाय, आणि ती पोरं कडेने उभी, धापा टाकत, आता काय करायचं या विचारात. मग हा उठतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा ‘अजून आहेच का’ हा भाव लांबूनसुद्धा कळतो.

पार्क यांनी हा प्रसंग आधी नेहमीसारखा अनेक शॉट्समध्ये आखला होता, नंतर बदलला. का बदलला असावा, याचं माझं उत्तर: थकवा कापता येत नाही. ठोसा कापून तयार करता येतो, उडी कापून तयार करता येते. पण माणूस हळूहळू दमत जातोय हे दाखवायला वेळ अखंड वाहावा लागतो. प्रत्येक कटला प्रेक्षक नकळत समजतो की मध्ये विश्रांती झाली. चोई तेव्हा चाळिशी ओलांडलेला. ३ दिवस, १७ वेळा तेच. दम अभिनयाने आणावा लागला नसणार. वर जो यंग-वूक यांचं संगीत असं की मारामारीला चेव आणण्याऐवजी तिच्यावर उदासी अंथरतं. ते काढून तिथे ढोल-ताशे लावून बघा, तोच शॉट चिल्लर वाटेल.

यात माझा स्वतःचा एक डाग आहे, तो सांगितलाच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चित्रपटात आम्ही भिवंडीकडच्या एका गोडाऊनमध्ये असाच अखंड शॉट घ्यायला गेलो. दिग्दर्शकाला ‘तसंच’ हवं होतं. रिहर्सल एक संध्याकाळ. ट्रॉली टाकली, बारा फायटर, नायक नवा. पहिले पाच टेक कुठे ना कुठे तुटले. सहाव्याला सगळं जुळून आलं, आणि शेवटच्या वीस सेकंदांत नायकाने ठरलेल्या तिसऱ्याऐवजी चौथ्याला दांडका घातला. चौथा खाली बघत होता. मनगट मोडलं. शॉट पूर्ण झाला, मॉनिटरपाशी टाळ्या पडल्या, आणि तो पोरगा हात धरून ट्रॅकच्या कडेला बसलेला आमच्या कुणाच्या लक्षात यायला मिनिटभर गेलं. चूक नायकाची नव्हती. दमलेल्या माणसाचं मोजणं चुकतंच. ते चुकणार हे धरून आखणी करणं आमचं काम होतं. तो शॉट अखेर चित्रपटात लागलाही नाही, एडिटिंगमध्ये लांब वाटला म्हणून अर्धा कापला.

कापला ते बरोबरच होतं, कारण आमच्याकडे ‘का’ नव्हतं. आमचा नायक थकत नव्हता, फक्त जिंकत होता.

जाता जाता याच चित्रपटातल्या त्या ऑक्टोपसबद्दलही सांगून टाकतो, कारण ते कुणीतरी विचारणारच. सुटल्यावर दे-सू जपानी पद्धतीच्या उपाहारगृहात जातो आणि मला काहीतरी जिवंत खायचंय म्हणतो. चोईने खरोखर जिवंत ऑक्टोपस खाल्ले, टेक होईपर्यंत चार. तो बौद्ध, प्रत्येक वेळी त्या प्राण्याची क्षमा मागून. कोरियात जिवंत ऑक्टोपस खायची पद्धत आहे, पण सहसा तुकडे करून, असा अख्खा नाही. लोक याला समर्पण म्हणतात. मला तो भाग बघवत नाही. आपल्याकडे शूटिंगला साधी म्हैस उभी करायची तरी जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

आता सरांचा मुद्दा. मारामारीने रहस्य पातळ होतं का? बहुतेक चित्रपटांत होतं, हे खरं. मारून माहिती काढायची, माहितीवरून पुढच्या ठिकाणी जायचं, तिथे पुन्हा मारायचं, हा साचा झाला की रहस्य म्हणजे नुसता पत्ता शोधणं उरतं. ‘ओल्डबॉय’मध्ये तपासाचं काम मुठी करत नाहीत, जीभ करते. १५ वर्षं दे-सूला खायला तळलेले मांडू मिळतात, म्हणजे आपल्या करंजीच्या घाटाचा, मांस-भाजी भरलेला कोरियन-चिनी पदार्थ. सुटल्यावर तो शहरातली चिनी उपाहारगृहं पालथी घालतो, जागोजागी मांडू मागवतो, चावतो आणि ‘हे नाही’ म्हणून उठतो. हाताशी धागा एवढाच की कधीतरी खाण्यासोबत आलेल्या कागदाच्या चिठोऱ्यावर ‘निळा ड्रॅगन’ अशी अक्षरं होती, उपाहारगृहाच्या नावाचा तुकडा. आणि ती चव. एका दुकानात चव जुळते. मग डिलिव्हरीवाल्या पोराच्या मागोमाग तो त्या इमारतीत पोहोचतो. इतका घरगुती, इतका पोटातून आलेला धागा मी दुसऱ्या रहस्यपटात पाहिलेला नाही. आपल्याकडच्या कुणाला वर्षानुवर्षं एकाच खानावळीचा डबा खायला लागला असेल, तर त्याला हे लगेच पटेल. डोळे बांधले तरी ती आमटी ओळखू येते.

खोलीतले तपशीलही असेच. एकदा जेवणासोबत चुकून तीन चॉपस्टिक येतात, आणि हा तिसरीने भिंत कोरायला लागतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी एकाच काडीने जेवत असणार, हाही विचार त्याच्या मनात येतो. टीव्ही हेच घड्याळ, तीच शाळा, तोच मित्र. १५ वर्षांचा काळ पार्क पडदा दुभागून दाखवतात. एकीकडे भिंतीवर मुठी आपटणारा हा, दुसरीकडे बातम्या: हाँगकाँगचं हस्तांतर, डायनाचा मृत्यू, दोन्ही कोरियांच्या नेत्यांची भेट, २००२ चा फुटबॉल विश्वचषक. एका कोरियन प्रेक्षकाचं अख्खं तारुण्य एका मिनिटात निघून जातं. र्यू सोंग-ही यांनी सजवलेल्या त्या खोलीचा नक्षीदार वॉलपेपर बघा, तो पुढे तुम्हाला पुन्हा खुपणार आहे. आणि त्या भिंतीवरच्या मुठी हेच बोळातल्या मारामारीचं बी. हा माणूस लढायला शिकला तो कुणा गुरूकडे नाही, टीव्हीवरच्या बॉक्सिंगकडे बघून आणि हवेत हात चालवून. म्हणून बोळात त्याचं लढणं देखणं नाही. असायलाच नको.

आता मारामारीची जागा बघा. ती येते तेव्हा दे-सूला त्या तुरुंगातून जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. बोळातून त्याला फक्त बाहेर पडायचंय. रहस्याच्या दृष्टीने त्या तीन मिनिटांत काहीही पुढे सरकत नाही. मग पुढे काय होतं? तो लिफ्टपाशी येतो. लिफ्टचं दार उघडतं, आत ताज्या दमाची टोळी. त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. कट. खालच्या मजल्यावर लिफ्ट उघडते आणि ती सगळी टोळी बाहेर कोसळते. दुसरी मारामारी दाखवलीच नाही! एक पूर्ण लढत एका कटात उरकली. निर्माता म्हणून बघा, दिवसभराचं शूटिंग वाचलं; प्रेक्षक म्हणून बघा, पहिल्या लढतीनंतर तुम्ही दुसरी डोक्यातच पाहिलीत. किम सांग-बोम हे या चित्रपटाचे संकलक. अखंड शॉटच्या पाठोपाठ असा चाबकासारखा कट ठेवायला हिंमत लागते.

आणि मग रक्तबंबाळ दे-सू रस्त्यावर कोसळतो. एक भला माणूस त्याला उचलून टॅक्सीत घालतो, ड्रायव्हरला पत्ता सांगतो, आणि जाता जाता त्याला नावाने हाक मारून निरोप देतो. अनोळखी माणसाला हे नाव कसं ठाऊक? तिथे पोटात गोळा येतो. एवढी मरमर करून माणूस जिंकला, आणि दुसऱ्याच मिनिटाला कळतं की तो अजून कुणाच्या तरी मुठीतच आहे. मारामारी आधी आली नसती तर त्या एका हाकेला हे वजन नसतं. सरांना एवढंच सांगा. मारामारीने रहस्य पातळ होतं ते तिने प्रश्न सोडवला तर. इथे तिने प्रश्न वाढवला.

याच कथेवर आपल्याकडे २००६ मध्ये ‘जिंदा’ आला, अमेरिकेत २०१३ मध्ये स्पाईक ली यांनी स्वतःचा ‘ओल्डबॉय’ केला. दोन्हीत हातोडी आहे. तुलना करून बघायला हरकत नाही, शिकायला मिळतं, मुख्यतः काय हरवतं ते.

आता तुमचा साठ फुटी पॅसेज. मोजा, रुंदी किती? साडेचार-पाच फूट असणार. त्यात तुम्हाला बाजूने बघणारा कॅमेरा बसवताच येणार नाही, भिंत पाडायची परवानगी तुम्हाला कुणी देणार नाही. वाईड लेन्स लावून भिंतीला चिकटलात तर माणसं फुगलेली दिसतील. तेव्हा पॅसेज सोडा आणि व्हरांडा शोधा. जुन्या शाळा, जुनी होस्टेलं, चाळी यांना अंगणाच्या बाजूने उघडा, खांबांचा व्हरांडा असतो. तळमजल्याचा घ्या, कॅमेरा अंगणात. तुमची चौथी भिंत आधीच काढून ठेवलेली आहे. शिवाय खांब फ्रेममधून जातात तेव्हा, अगदीच गरज पडली तर, तिथे चोरकट लपतो. मी हे सांगितलं असं सरांना सांगू नका.

गिंबल घेऊन आडवं चालताना शरीर वरखाली होतंच. त्यापेक्षा व्हीलचेअर मागून आणा, कॅमेरावाला तीत बसेल, ढकलणारा सावकाश ढकलेल. अंगण खडबडीत असेल तर खाली प्लायवूड. आठ मुलं पुरतात, पडलेला मुलगा फ्रेमबाहेर राहिला की कॅमेऱ्याच्या मागून धावत जाऊन शर्ट बदलून पुढून पुन्हा येतो. ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. आवाजाची काळजी त्या दिवशी करू नका, धापा आणि आदळआपट नंतर खोलीत बसून वेगळी रेकॉर्ड करा. एकट्या माणसाची धाप मात्र नीट घ्या, अर्धा थकवा कानातून पोहोचतो.

एक दिवस शूटिंगचा ठीक, पण त्याआधी किमान चार दिवस रिहर्सल. हालचाली लेझमीसारख्या मोजून बसवा, आठाच्या आवर्तनांत, आणि दर आवर्तनात कोण कुठे पडतो ते खडूने जमिनीवर काढा. हातोडी रबराची, दांडके फोमचे. लाकडी एकही नको, ‘फक्त क्लोजअपसाठी’सुद्धा नको. सहा टेक झाले की थांबा, जेवा, मग ठरवा. आणि प्रत्येकाला एक शब्द ठरवून द्या, तो कुणीही उच्चारला की सगळे जागच्या जागी थांबतील. आमच्या त्या गोडाऊनमध्ये असा शब्द नव्हता.

रिहर्सलचा व्हिडिओ पाठवलात तर बघून सांगेन. फोन आडवा धरा.